पीटी-१०० थ्री वायर, ६ मिमी प्रोब: वाइनच्या टाकीवर कितपत चालतो?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत टाकीसाठी आरटीडी (रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) मागितला की सहसा हाच प्रोब पुढे येतो: एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) ची ६ मिमी नळी, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड (तारा जोडायची डबी), आत क्लास बी पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर; क्लास ही अचूकतेची श्रेणी. माल चांगला आहे. चुकतं ते बहुतेक बसवताना.

प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर वाढतो: ० अंशाला १०० ओहम, १०० अंशांना १३८.५. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.३९ ओहम. १५ अंशांना क्लास बी ची सूट ±०.३८ अंश, क्लास ए ची ±०.१८. पांढरी वाइन साधारण १२ ते १८ अंशांत आंबवतात, तिथे क्लास बी पुरतो. वाचलेले पैसे लांबीत घाला.

कारण ५० मिमीचा आखूड प्रोब जॅकेटलगतच्या (टाकी थंड करणाऱ्या आवरणालगतच्या) थंड थरातच राहतो. तो १४ दाखवतो, थंडाव्याचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि मधली वाइन तापत राहते. १५० मिमी तरी आत जाऊ द्या. थर्मोवेलचं (टाकीत बसवलेली, प्रोब घालायची नळी) भोक १० मिमीचं असेल तर मधली हवा प्रोबला मंद करते; भोक ६.५ च्या आसपासचं घ्या, टोकाला थोडी हीट पेस्ट लावा.

वायरिंगमध्ये कंजुषी नकोच. ०.५ चौरस मिमीच्या दोन तारा २० मीटर नेल्या की जाऊन-येऊन सुमारे १.५ ओहम रोध भरतो आणि कंट्रोलर (तापमान वाचून व्हॉल्व्ह चालवणारं यंत्र) जवळजवळ ४ अंश जास्त दाखवतो. थ्री वायर, म्हणजे तारांचा रोध वजा करता यावा म्हणून जोडलेली तिसरी तार, ही चूक खोडते, पण तिन्ही तारा एकाच जाडीच्या आणि लांबीच्या असल्या तरच. एकाच स्क्रूखाली ०.४ ओहम वाढला तरी अंशभर फरक पडतो.

घेताना मल्टिमीटर लावाच. दोन लाल तारांमध्ये जवळपास शून्य, लाल-पांढरीत ३० अंशांना १११.७ ओहम. मल्टिमीटरच्या स्वतःच्या पिनांचा रोध वजा करायला विसरू नका. घरी कुटलेला बर्फ आणि पाणी ढवळून त्यात पाच मिनिटं बुडवा, १०० ओहम यायला हवेत. क्लास बी ला ०.१२ इकडेतिकडे चालतं. उकळत्या पाण्यात मात्र १३८.५ ची वाट पाहू नका. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १३७.७ आले तर प्रोब बरोबर आहे.

हेडची ग्लॅंड (केबल आत घेण्याची जागा) वर तोंड करून बसवली की टाकी धुताना पाणी आत जातं. ओलाव्यातून करंट गळतो, रोध कमी भासतो आणि तापमान खोटं उतरतं. ग्लॅंड खाली वळवा, केबलला आधी झोळ द्या, मग आत घ्या.

जुनी दोनच तारांची केबल बदलणं शक्य नसेल आणि कंट्रोलरला चालत असेल तर पीटी-१००० (० अंशाला १००० ओहमचा) घ्या. तोच १.५ ओहम तिथे ०.४ अंशावर येतो.