ऑक्सिजन सेन्सरचं बिल नवं, सेन्सर मात्र जुनाच

चेंबूरच्या एका गॅरेजवाल्याने मला न बदललेल्या ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पार्टचे, ६,८०० रुपये लावले. कसं, ते सांगतो; पेट्रोल गाडीवाल्या कुणालाही अशी टोपी घातली जाऊ शकते.

सिग्नलला उभी असली की गाडी थरथरायची, वर चेक इंजिनचा दिवा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब. इथेनॉलमुळे सगळ्यांचेच जातायत." पुरावा म्हणून स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा बंद. आठवडाही झाला नाही तोच परत पेटला. आता म्हणे इंजेक्टर क्लीनिंग करावं लागेल!

तेव्हा तो फोटो नीट पाहिला. पी०१७१ फक्त मिश्रण लीन असल्याचं सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही. तक्रार करणाऱ्या सेन्सरलाच दोषी ठरवणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं. त्यांच्याच फोटोत सेन्सरच्या व्होल्टेजची रेघ ०.१ ते ०.८ च्या मध्ये झपाझप वरखाली होत होती. मेलेला सेन्सर असा नाचत नाही. खाली लाँग टर्म फ्युएल ट्रिम +२२, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हिशेबापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. इथेनॉलमुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडी वर जाते, हे खरं. पण इतकी नाही.

लॅमिंग्टन रोडवरून ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं यंत्र) आणलं आणि इंजिन गरम झाल्यावर मोबाईलवर लॉग घेतला. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (हळूहळू शिकलेली) ट्रिमची बेरीज +२५, गाडी उभी ठेवूनच २५०० आरपीएमला नेली की +४. कुठूनतरी चोरून हवा आत येतेय, याची ही खूण. आयडलला इंजिन हवाच कमी ओढतं, त्यामुळे तेवढीशी गळतीही जाणवते. पेट्रोल ढकलणारा पंप किंवा त्याचा फिल्टर कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड वाढला की ट्रिम चढली असती. (माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आहे. नुसता हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर हा हिशेब असा सरळ बसत नाही.)

कुर्ल्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत आत ओढून घेणारा) पाइप दाबला, तर वाकणाशी रबर कडक होऊन चिरलेलं. पाइप काही शे रुपयांचा. नवा बसवला आणि थरथर गेली. मग त्याने गाडी वर घेऊन ऑक्सिजन सेन्सरवर टॉर्च मारला. षटकोनी भागावर अखंड गंज, पान्याचा एक ओरखडा नाही. कनेक्टरच्या लॉकवर मातीचा थर तसाच. कुणी हातसुद्धा लावला नव्हता!

मग दिवा गेला कसा? कोड खोडला की दिवा जातो, शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. दोष कायम असेल तर काही फेऱ्यांनी तोच कोड परत येतो. बऱ्याच गाड्यांत कोड खोडल्यापासून किती किलोमीटर झाले तेही ॲपमध्ये दिसतं. गाडी ताब्यात घेतानाच ते बघा, ट्रिमचा फोटो काढा आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना सेन्सर मागितला तर चेंबूरचा गॅरेजवाला "भंगारात गेला" म्हणाला. गंजाचे फोटो दाखवले तेव्हा "पोराने चुकून बिलात टाकलं असेल" वर आला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर सेन्सरचे पैसे परत मिळाले. लेबरचे अजून नाहीत.