शेअर्ड क्लस्टर आठ महिने वापरला, कसा वाटला ते सांगतो

पीक आणि जैवविविधता संशोधनवाल्या बऱ्याच संस्था मिळून चालवतात असा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले बरेच ताकदवान कॉम्प्युटर (नोड), नाव नाही घेत. माझं काम गव्हावर. गव्हाचा जीनोम म्हणजे जवळपास १६ अब्ज बेस (डीएनएची अक्षरं), भाताच्या चाळीसपट, त्यामुळे लॅबच्या मशीनवर अलाइनमेंट (डीएनएचे तुकडे जीनोमवर कुठे बसतात ते शोधणं) लावली की ते दोन दिवस नुसतं घरघरत बसायचं आणि शेवटी रॅम संपून जॉब मरायचा. इथे तेच अ‍ॅरे जॉब करून टाकलं, प्रत्येक सॅम्पल वेगळ्या नोडवर, सकाळी येऊन बघतो तर सगळ्या बॅम फाइल्स (अलाइनमेंटचा निकाल) तयार.

पण खरं कौतुक सपोर्टचं. माझं बॅम फाइलचं इंडेक्सिंग (हवा तो भाग झटकन सापडावा म्हणून सूची करणं) सारखं फेल होत होतं, मला वाटलं फाइलच करप्ट आहे, परत अलाइन करायला निघालो होतो. तिकीट टाकलं तर अर्ध्या तासात एका ओळीचं उत्तर, बीएआय नको, सीएसआय इंडेक्स करा. हे इंडेक्सचे दोन प्रकार. बीएआय एका क्रोमोसोमचे साधारण ५३ कोटी बेसच झेपवतो, आणि गव्हाची बरीचशी क्रोमोसोम त्याच्या पुढे जातात, ३बी नावाचं क्रोमोसोम तर ८० कोटींच्या वर! हे सर्वसाधारण आयटीवाल्याला कुठून सुचणार, तो म्हणाला असता रीस्टार्ट करून बघा.

ब्लास्टचे (सारखे सिक्वेन्स शोधून देणारं सॉफ्टवेअर) डेटाबेस पण सगळ्यांसाठी एकच कॉपी ठेवलीय, डाउनलोडची कटकट नाही.

आता रडगाणं. जास्त मेमरीचे नोड मोजकेच, आणि असेंब्लीवाले (डीएनएचे तुकडे जोडून अख्खा जीनोम बनवणारे) त्यावर ठाण मांडून बसतात. स्लर्मचं (जॉबची रांग लावणारं सॉफ्टवेअर) फेअरशेअर आहे म्हणजे तुम्ही गेल्या आठवड्यात दाबून वापरलं असेल तर या आठवड्यात रांगेत मागे, ते बरोबरच आहे म्हणा पण डेडलाइनला जीव जातो. कॅमेरा ट्रॅपवाले (जंगलात आपोआप प्राण्यांचे फोटो काढणारे कॅमेरे लावतात ते) लाखो बारीक बारीक फोटो आणून टाकतात तेव्हा फाइल सिस्टीम इतकी रेंगाळते की साधी फोल्डरची यादी यायलाही वेळ लागतो. आणि स्क्रॅचला (तात्पुरत्या फाइल्स ठेवायची जागा) बॅकअप नाही, जुन्या फाइल्स आपोआप उडतात, हे लॉगिन केल्यावर रोज समोर येतं तरी मी वाचलं नव्हतं, तीन आठवड्यांचं काम गेलं, चूक माझीच.

नवीन असाल तर भीतीपोटी ५०० जीबी मेमरी मागू नका, मी मागायचो. एकदा seff कमांड (संपलेल्या जॉबने किती मेमरी वापरली ते दाखवते) मारून बघितलं तर जॉबने वापरले होते फक्त ३८. तेव्हापासून ५० मागतो, तासाभरात नंबर लागतो.