जुन्या ॲल्युमिनियम बोटीच्या सीट बदलल्यानंतर: एका मोसमाचा अनुभव

माझी बोट 1986 सालची, 16 फुटी, रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमची आहे, आणि ती बहुतेक वेळा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावावर वॉलाय हा गोड्या पाण्यातील मासा पकडण्यासाठी पाण्यात उतरते. पाचशे चौरस किलोमीटरहून मोठा असलेला हा तलाव सर्वांत खोल जागीही जेमतेम 42 फूट असल्यामुळे थोडा वारा सुटला तरी तेथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात व प्रत्येक लाटेचा हिसका बसणाऱ्याच्या कमरेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे सीटची परीक्षा घेण्यासाठी याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही. मे महिन्याच्या मध्यावर वॉलायचा मोसम सुरू होण्यापूर्वी मी पुढची व मागची अशा दोन्ही सीट बदलल्या आणि ऑक्टोबर संपेपर्यंत त्या वापरल्या. गादीपेक्षा गादीखाली काय आहे याला महत्त्व अधिक, असे माझे मत या काळात पक्के झाले.

जुन्या सीटच्या तळाशी प्लायवूड होते. शिलाईच्या छिद्रांतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे फोम कायम ओला राहत असे, प्लाय कुजला होता आणि त्यातील स्क्रू बोटांनी ओढले तरी निघत होते. नव्या सीटचा सांगाडा साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा असून त्यात धातूचे आटे आधीच बसवलेले आहेत, बिजागऱ्या ॲल्युमिनियमच्या आहेत आणि तळाला पाणी निथळण्यासाठी भोके आहेत. ही भोके जाहिरातीत कोणी दाखवत नाही. परंतु खरेदी करताना सीट उलटी करून पाहावी आणि ती नसल्यास पुढच्या दुकानात जावे. दोन्ही सीटना मिळून दीडशे डॉलरच्या आसपास खर्च आला. बोल्टच्या छिद्रांची पाच इंच बाय पाच इंच ही मांडणी मासेमारीच्या सीटमध्ये सर्रास वापरली जात असल्याने जुन्या फिरत्या तबकडीवर त्या सरळ बसल्या.

खरे काम बाकांचे होते. अशा बोटींमध्ये आडवे बाक ही केवळ बसण्याची सोय नसते. त्यांच्या पोटात फोम भरलेला असतो आणि बोटीत पाणी शिरले तरी ती बुडू नये, ही जबाबदारी त्या फोमची असते. अमेरिकेत 1978 नंतर बांधलेल्या, 20 फुटांहून लहान आणि बाहेरून इंजिन लावण्याच्या बोटी पाणी भरल्यावरही न कलंडता समतल तरंगत राहिल्या पाहिजेत असा नियम आहे, आणि एक घनफूट फोम साधारण 60 पौंड वजन पेलून धरतो. मोकळी जागा मिळावी म्हणून मधला बाक कापून काढणारे पुष्कळ जण भेटतात. फोम दुसरीकडे तेवढ्याच प्रमाणात भरणारा मात्र क्वचितच भेटतो. मी एकाही बाकाला हात लावला नाही, फक्त वरचा पत्रा उघडून आतला फोम कोरडा असल्याची खात्री करून घेतली.

बाकाचा पत्रा पातळ असल्यामुळे त्यात नुसते स्क्रू पिळले तर लाटांच्या हिसक्यांनी छिद्रे मोठी होत जातात. भार पसरावा म्हणून मी प्रत्येक सीटखाली पाऊण इंच जाडीची मरीन प्लायची फळी बसवली. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे अंगणातील डेकसाठी मिळणारा प्रक्रिया केलेला स्वस्त प्लाय ॲल्युमिनियमवर कधीही ठेवू नये, कारण त्यातील तांब्याचे क्षार ओलाव्यात पत्रा खातात. दुसरी म्हणजे मरीन प्लाय कुजत नाही ही समजूत चुकीची आहे. त्याचा गोंद पाण्यात सुटत नाही आणि थरांमध्ये पोकळ्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून फळीच्या कडा आणि छिद्रांच्या आतील बाजूदेखील इपॉक्सीने, म्हणजे पाणी न शिरू देणाऱ्या राळेच्या लेपाने, बंद केल्या. सीटसोबत आलेले बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले होते व जुलैतच त्यांच्यावर गंज दिसू लागल्याने ते काढून स्टेनलेस बसवले, आणि स्टेनलेस व ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडल्यास ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले. आमच्या गोड्या पाण्यात ही झीज सावकाश होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ती फार वेगाने होते.

पुढच्या सीटखाली पाऊण इंची पिनेवर फिरणारा खांब आहे. उंच खांबावरून गळ टाकणे सोयीचे असते, परंतु अरुंद बोटीत माणूस जितका उंच बसेल तितकी बोट अधिक डोलते, म्हणून मी आखूड खांबच निवडला. अशा सीट ताशी पाच मैलांहून अधिक वेगात बसण्यासाठी नसतात. तशी सूचना त्यांच्यावर छापलेली असते आणि ती गांभीर्याने घ्यावी. इंजिन वेगात असताना आमच्याकडे सर्वांनी बाकावरच बसायचे असा दंडक आहे.

बसण्याच्या दृष्टीने सांगायचे तर चार-पाच तासांनंतरही पाठ दुखत नाही, मात्र पाठ टेकण्याची जागा बुटकी असल्याने मान टेकवता येत नाही. कोपर मागे नेण्यास ती आड येत नाही, हा मला त्याहून मोठा लाभ वाटतो. गडद राखाडी रंग भर दुपारी चांगलाच तापतो. पुन्हा घेतल्या तर फिकट रंगाच्या घेईन. गादीवरच्या व्हिनाइलच्या आवरणाला भेग गेलेली नाही, पण गळाच्या टोकाने पडलेल्या दोन छिद्रांवर चिकटपट्टी लावावी लागली. गादीच्या घडीत ऑगस्टमध्ये बुरशीचे ठिपके आले, ते सौम्य साबण आणि मऊ ब्रशने निघाले. ब्लीच वापरू नये, कारण त्याने शिलाईचा दोरा कमकुवत होतो.

हमरस्त्यावर बोट ओढून नेताना वाऱ्याने मिटलेली सीट उघडून फडफडते, त्यामुळे पट्टा बांधणे अनिवार्य आहे. हिवाळ्यात दोन्ही सीट काढून तळघरात ठेवल्या आहेत, कारण गोठलेले व्हिनाइल दुमडल्यास तडकते आणि शेडमधील उंदरांना फोम फार आवडतो. पुढच्या खांबाच्या नायलॉन बुशिंगला, म्हणजे पीन ज्यात फिरते त्या कड्याला, मोसमाच्या अखेरीस थोडी ढिलाई आली असून सीट फिरवताना ती कुरकुरते. हा सुटा भाग काही डॉलरना मिळतो आणि एप्रिलमध्ये तो बदलणार आहे.