शाळांविषयी सरकारला विचारलेले प्रश्न: संसद आणि विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची नोंद पालक-शिक्षकांना कितपत उपयोगी?

लोकप्रतिनिधीने शाळांविषयी सरकारला विचारलेला प्रश्न आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेले लेखी उत्तर ही कोणालाही विनामूल्य वाचता येणारी सार्वजनिक नोंद आहे, आणि तरीही शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक संघटनांचे कार्यकर्ते, पालक आणि स्थानिक पत्रकार यांच्यापैकी फार थोडे लोक तिचा नियमित वापर करताना दिसतात. एखाद्या सेवेचे परीक्षण करावे तसे मी या नोंदीचे येथे परीक्षण करीत आहे. एका बाजूला संसदेच्या संकेतस्थळावरील प्रश्नोत्तरांचा शोध आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या अशी तिची दोन दालने आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: शिक्षण धोरणाबद्दल विश्वासाने उद्धृत करता येईल असा यापेक्षा चांगला साठा सामान्य नागरिकाच्या हाताशी नाही, मात्र त्यातून काय हाती लागेल हे प्रश्नाच्या शब्दरचनेवर अवलंबून असते.

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो, तर राज्यसभेत हा तास दुपारी १२ वाजता सुरू होतो. लोकसभेच्या दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेच्या यादीत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. दूरचित्रवाणीवर दिसतो तो तारांकितांचा तास, त्यामुळे अतारांकित प्रश्न दुय्यम असावेत असा समज होणे स्वाभाविक आहे. शाळांच्या बाबतीत मात्र खरे धन त्या २३० प्रश्नांतच असते. तोंडी चर्चेत वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात. अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांना राज्यवार आणि वर्षवार विवरणपत्रे जोडलेली असतात, आणि ज्याला रिक्त पदे, पटसंख्या किंवा मंजूर निधी यांचे आकडे हवे असतात त्याचे काम त्या विवरणपत्रांवर चालते. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास रद्द झाला तेव्हाही अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू राहिली होती.

संसदेच्या शोधसेवेत लोकसभेचा क्रमांक, अधिवेशन, मंत्रालय, सदस्याचे नाव आणि विषय यांनुसार शोध घेता येतो आणि प्रत्येक उत्तराची स्वतंत्र पीडीएफ उतरवून घेता येते. मात्र वापरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी लागते. २०२० मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव बदलून शिक्षण मंत्रालय झाले. त्यामुळे केवळ 'शिक्षण' हे मंत्रालय निवडून शोधणाऱ्याला शिक्षण हक्क कायद्याची पहिली दहा वर्षे, म्हणजे १ एप्रिल २०१० रोजी कायदा लागू झाल्यापासूनचा बराच काळ, दिसणारच नाही. त्यासाठी जुन्या नावाने वेगळा शोध घ्यावा लागतो. दुसरी बाब शीर्षकांची. शिक्षकांच्या तुटवड्याविषयीचा प्रश्न एकदा 'शिक्षकांची कमतरता' म्हणून येतो, एकदा 'रिक्त पदे' म्हणून, तर कधी 'विद्यार्थी-शिक्षक प्रमाण' या शीर्षकाखाली दडलेला असतो. एकाच शब्दावर विसंबून राहणाऱ्याला या विषयावर कोणी काही विचारलेच नाही असे वाटू शकते. चिकाटीने तीन-चार शब्द वापरून पाहिले की चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

आता उत्तरांच्या गुणवत्तेकडे वळू, कारण परीक्षणाचा गाभा तोच आहे. केंद्राच्या शालेय शिक्षणविषयक उत्तरांत एक वाक्य वारंवार भेटते: शिक्षण हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील विषय असून बहुसंख्य शाळा राज्य सरकारे व केंद्रशासित प्रदेशांच्या अखत्यारीत आहेत. हे वाक्य खरे आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आले, आणि शिक्षकांची भरती व सेवाशर्ती आजही राज्येच ठरवतात. परंतु ज्या प्रश्नात 'सरकार कोणती पावले उचलत आहे' एवढेच विचारलेले असते, त्याचे उत्तर या वाक्यानंतर समग्र शिक्षा, निपुण भारत, पीएम पोषण आणि दीक्षा या केंद्राच्या शालेय योजना-उपक्रमांच्या परिचयात संपून जाते. चार परिच्छेद वाचूनही आपल्या राज्यात काय घडले हे कळत नाही. याउलट 'गेल्या पाच वर्षांत राज्यवार व वर्षवार एकशिक्षकी शाळांची संख्या किती' असे विचारले की योजनांचा परिचय चालूच राहतो, पण शेवटी एक तक्ता जोडावाच लागतो. अनुभवाने लागलेली सवय म्हणून मी उत्तराचा मजकूर नंतर आणि परिशिष्ट आधी वाचतो; ज्या उत्तराला परिशिष्ट नाही ते सहसा बाजूला ठेवायला हरकत नसते.

या परिशिष्टांतील बहुतेक आकडे युडायस प्लस या देशभरातील शाळांच्या माहितीप्रणालीतून येतात, आणि तेथे सावधगिरी हवी. २०२२-२३ पासून या प्रणालीत शाळेने भरलेल्या एकत्रित संख्येऐवजी एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी थेट तुलना करून पटसंख्या वाढली किंवा घटली असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मात्र नव्या पद्धतीतील दोन वर्षे शेजारी ठेवता येतात: २०२२-२३ मध्ये देशातील शाळांत सुमारे २५.१७ कोटी विद्यार्थी नोंदले गेले होते, तर २०२३-२४ मध्ये सुमारे २४.८० कोटी. ही घट दुबार नोंदी गळाल्यामुळे किती, जन्मदरामुळे किती आणि शाळा सुटल्यामुळे किती, हा प्रश्न कोणत्याही राज्याच्या प्रतिनिधीने आपल्या राज्यापुरता धसास लावावा असा आहे.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या याद्यांचा मोठा गुण म्हणजे त्या मराठीत आहेत. संसदेची उत्तरे हिंदी आणि इंग्रजीत असतात. गावातील शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती वाचून दाखवायची तर आधी कोणाला तरी अनुवाद करावा लागतो. विधिमंडळाचे उत्तर तसेच्या तसे वाचता येते. शिवाय प्रश्न जिल्हा, तालुका, कधी कधी थेट गावाचे नाव घेऊन विचारलेला असतो. शाळेचे पडके छप्पर, पोषण आहारातील निकृष्ट धान्य, रखडलेली शिष्यवृत्ती, शिक्षकांचे थकलेले वेतन, विनाअनुदानित तुकड्यांचे अनुदान असे विषय तेथे ज्या बारकाव्याने येतात, तसे दिल्लीत येत नाहीत.

पण याच याद्यांत एक जुनी चौकट आहे आणि ती मला मनापासून खटकते. 'सन्माननीय शालेय शिक्षण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' असे म्हणून पहिल्या भागात घटना सांगितली जाते आणि शेवटी 'हे खरे आहे काय' असे विचारले जाते. दुसरा भाग 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय', तिसरा 'चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', आणि चौथा 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. समजा, एखाद्या सदस्याने लिहिले की अमुक तालुक्यातील ४० शाळांत शिक्षकांची पदे रिक्त असल्याचे जून महिन्यात निदर्शनास आले, हे खरे आहे काय. प्रत्यक्षात रिक्त पदे ३७ शाळांत असतील, किंवा बाब जूनऐवजी जुलैमध्ये पुढे आली असेल, तर विभागाला 'हे खरे नाही' असे लिहिण्याची मुभा मिळते आणि उरलेल्या तिन्ही भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' असे तीन शब्दांत उत्तर येते. मुलांना शिक्षक मिळालेले नसतात, पण नोंदीत मात्र प्रश्नच उरत नाही. त्याच सदस्याने 'सदर तालुक्यात ३० जून अखेर शाळानिहाय मंजूर पदे किती, कार्यरत शिक्षक किती, रिक्त पदे केव्हापासून रिक्त आहेत' असे विचारले असते तर नकार द्यायला जागाच उरली नसती. शाळांसाठी आपल्या आमदाराकडे निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी निवेदनाबरोबर असा प्रश्नाचा मसुदाही न्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

'अंशतः खरे आहे' या उत्तराकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. विभागाने काही तरी मान्य केल्याची ती खूण असते आणि त्यापुढचा मजकूर बहुधा इतर उत्तरांपेक्षा अधिक नेमका असतो. तक्रारीची तारीख, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, अहवाल कोणाकडे गेला हे तपशील तेथे सापडतात, आणि त्यांच्या आधारे माहिती अधिकाराचा अर्ज नेमक्या कागदासाठी करता येतो.

विधान परिषदेतील प्रश्न वेगळे काढून वाचण्यासारखे असतात. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आणि ७ पदवीधर मतदारसंघांच्या आहेत, त्यामुळे संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करणे), अनुदानाचे टप्पे, जुनी निवृत्तिवेतन योजना, राज्याच्या पवित्र पोर्टलवरील शिक्षकभरती या विषयांवर तेथे जाणकारीने विचारले जाते. त्यात शिक्षकांचा आवाज ठळक आणि मुलांच्या शिकण्याचा आवाज त्यामानाने क्षीण असतो, असे माझे निरीक्षण आहे. वेतनाचा प्रश्न महत्त्वाचा नाही असे मुळीच नाही. परंतु तिसरीतील मुलाला वाचता येते की नाही याविषयी तेवढ्याच नेटाने विचारणारे प्रश्न शोधावे लागतात.

दोन्ही दालने एकत्र वापरली तर या सेवेची खरी ताकद कळते. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव प्रवेशांचे उदाहरण घेऊ. कलम १२ नुसार या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शाळांना राज्याने करायची आहे, आणि समग्र शिक्षेतून केंद्र त्यास हातभार लावते. महाराष्ट्रासाठी या योजनेतील केंद्र व राज्य यांच्या वाट्याचे प्रमाण ६०:४० आहे. संसदेच्या उत्तरातून राज्याला किती निधी मंजूर झाला आणि किती दिला गेला हे घ्यायचे, विधिमंडळाच्या उत्तरातून शाळांना किती रक्कम वितरित झाली आणि किती थकीत आहे हे घ्यायचे, आणि वर्षे जुळवून दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत असताना निधी कोठे अडला हे यातून बरेचसे समजते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने नियम बदलून एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट दिली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या काळात थकीत प्रतिपूर्तीचे आकडे ज्यांच्या हाताशी होते त्यांना हा वाद अधिक नीट समजला असणार.

गुणच द्यायचे झाले तर संसदेच्या शोधसेवेला मी पाचपैकी चार देईन. विधिमंडळाच्या नोंदीला मजकुरासाठी चार, पण सोयीसाठी अडीच देईन. दिवसाची अख्खी यादी एका पीडीएफमध्ये चाळत आपल्या तालुक्याचा प्रश्न शोधणे हे शिक्षकाच्या किंवा पालकाच्या फावल्या वेळात बसणारे काम नाही. जिल्हा, तालुका आणि विषय यांनुसार शोध मिळाला, तर या नोंदीचा वापर गावोगाव वाढेल याबद्दल मला शंका नाही.

उत्तरात 'माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' किंवा 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे' असे लिहिलेले असेल तर बहुतेक वाचक निराश होऊन पुढे जातात. तसे करू नये. अशी विधाने आश्वासन म्हणून नोंदली जाऊ शकतात आणि त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समित्या आहेत. लोकसभेत आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत असते, आणि ती वाढवून हवी असल्यास मंत्रालयाला समितीकडे कारणे द्यावी लागतात. त्यामुळे अशा उत्तराचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी, मुदत उलटल्यावर ज्या सदस्याने प्रश्न विचारला होता त्याला तो क्रमांक देऊन लेखी कळवावे, आणि पुढील अधिवेशनात त्याच विषयावर पुन्हा प्रश्न देण्याची विनंती करावी. प्रतिनिधींकडे शेकडो विषय असतात, आणि एखाद्या शाळेच्या वर्गखोल्यांचे आश्वासन त्यांच्या लक्षात राहीलच असे नाही. ते लक्षात ठेवण्याचे काम ज्यांची मुले त्या वर्गखोल्यांत बसतात त्यांनाच करावे लागते.