कुत्र्याला गाडीतून नेताना: क्रेट की हार्नेस?

दिवाळीत इंदूरहून पुण्या-नाशिकला निघताना बरेच जण इथेच अडतात: क्रेट (कुत्र्याला आत बसवायचा पिंजरा) घ्यावा की सीटबेल्टचा हार्नेस (छाती-पाठीभोवती घालून सीटबेल्टला जोडायचे पट्टे)? सेंधव्यापुढचा बिजासन घाट डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. उतारावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तर मोकळं कुत्रं थेट समोर फेकलं जातं.

हार्नेस स्वस्त, मोठ्या कुत्र्याचा क्रेट त्याच्या कितीतरी पट महाग. पण हार्नेसमध्ये फसगतही जास्त. प्लॅस्टिकचं बकल झटक्याने तुटतं, म्हणून धातूचंच घ्या. सीटबेल्टला जोडणारा पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायचा, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. मानेला इजा होते. लांबी इतकीच ठेवा की उठून बसता येईल, पण सीटवरून खाली पडता येणार नाही. चावऱ्या पिल्लाला मात्र हार्नेस नकोच, तासाभरात पट्टा कुरतडून मोकळं होतं.

क्रेटमध्ये उभं राहून वळता आलं पाहिजे, फार ऐसपैस नको. तो मागच्या सीटला टेकवून डिकीतल्या हुकांना पट्ट्याने आवळा. न बांधलेला क्रेट स्वतःच आदळतो. सेडानच्या बंद डिकीत तो ठेवूच नका, तिथे हवा खेळत नाही. सवय लावायला निदान दोन आठवडे हवेत: आधी घरात, दार उघडं ठेवून, आतच जेवण.

खाणं निघण्याआधी तीन-चार तास, पाणी आणि फेरी दर दोन तासांनी, दोन्हींत सारखंच.

हॅचबॅक किंवा सेडान, शांत कुत्रं, मागे सोबत बसणारं माणूस असेल तर हार्नेस. मागे मोकळी जागा असलेली मोठी गाडी, बावरणारं किंवा कुरतडणारं कुत्रं आणि वरचेवरचा लांबचा प्रवास असेल तर क्रेटच घ्या.