तीन हात आणि एक मान : सात महिन्यांनंतरचा हिशेब

दुखऱ्या मानेसाठी फिजिओथेरपीचे दहा सिटिंगचे पॅकेज घेतले होते. त्यातील तीन शिल्लक असताना ‘मुदत संपली’ असे काउंटरवर सांगण्यात आले आणि पावतीच्या मागील बारीक अक्षरांवर बोट ठेवण्यात आले. त्याच संध्याकाळी रागाने हे लिहायला घेतले होते. पुढे लिहिता लिहिता मत थोडे बदलले, पण राग मात्र शिल्लक आहे.

एक्स-रेत मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये झीज निघाली. पन्नाशीनंतरच्या बहुतेक एक्स-रेंत ती दिसते, मान दुखत असो वा नसो, त्यामुळे मी तो एक्स-रे कपाटात ठेवून दिला. माझी तक्रार साधी होती. उजवीकडे मान वळत नसे, आणि ठाण्याच्या तीन हात नाक्यावर स्कूटरवरून मागची रिक्षा पाहण्यासाठी मला कमरेपासून वळावे लागे. हिशेबनीस असल्यामुळे उपचारांचीही मी वही ठेवली. ‘चाळीस मिनिटांचे सिटिंग’ असे म्हणतात, तेव्हा त्यांपैकी किती मिनिटे माणसाचा हात प्रत्यक्ष मानेवर असतो, हे मी प्रत्येक वेळी घड्याळ लावून मोजले. घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटला.

पहिला हात नौपाड्यातील फिजिओथेरपीचा. पॅकेजचे पाच हजार, म्हणजे सिटिंगला पाचशे रुपये. आत गेल्यावर शेक, मग आयएफटीच्या, म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या मशीनच्या, चार गाद्या, मग अल्ट्रासाउंडचे थंडगार जेल आणि सरतेशेवटी हात. पहिल्या पाच सिटिंगांची सरासरी नऊ मिनिटे निघाली, म्हणजे हाताचे मिनिट सुमारे पंचावन्न रुपयांना पडले. मशीनखाली बरे वाटत असे, हे नाकारत नाही. पण ते बरे वाटणे गोखले रोडपर्यंतही टिकत नसे.

वैतागून मध्येच दुसरा हात पाहिला, तो कायरोप्रॅक्टिकचा. ही पद्धत अमेरिकेत 1895 साली डी. डी. पामर यांनी सुरू केली. शुल्क दीड हजार, हात सहा मिनिटे, म्हणजे मिनिटाला अडीचशे रुपये; वहीतला हा सर्वांत महाग आकडा आहे. हनुवटीखाली एक हात, कवटीच्या मागे दुसरा, एक झटका आणि ‘कडक्’ असा आवाज. हा आवाज हाडे जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. तरीही उठलो तेव्हा मान खांद्यापर्यंत वळली, आणि त्या रात्री मी वहीत ‘हेच खरे’ असे लिहून ठेवले. तिसऱ्या दिवशी मान पूर्ववत झाली, तेव्हा ते वाक्य खोडले. मानेच्या झटक्याने क्वचित धमनीला इजा होऊन पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते, हे मी सही केलेल्या संमतिपत्रातच छापलेले होते. ते सहीनंतर वाचले, हा दोष माझा. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान मोडून घेणे मात्र तेव्हापासून बंद केले.

तिसरा हात तेलाचा. उडदाच्या पिठाचे कडे मानेवर बसवून त्यात कोमट तेल धरायचे, अशी ती ग्रीवाबस्ती, आणि पुढे अभ्यंग. बाराशे रुपयांत हात पन्नास मिनिटे, म्हणजे मिनिटाला चोवीस रुपये. मी याला चैन समजत होतो, ते मत आता मागे घेतो. जुनाट मानदुखी असलेल्या 228 जणांवरील अमेरिकेतील 2014 सालच्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर मसाज घेणाऱ्यांना चार आठवड्यांत फायदा दिसला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मसाजाने तसा दिसला नाही. तेथील मसाज आणि आपले तेल एक नव्हे, परंतु हाताची मिनिटे मोजणारा मी अगदीच वेडा नव्हतो, एवढे समाधान मिळाले. मात्र आठवड्याला तीन वेळा बाराशे रुपये मला परवडणारे नाहीत.

पुन्हा पहिल्याच ठिकाणी गेलो, कारण पैसे भरलेले होते. सहाव्या सिटिंगला नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी नुकतीच शिकून आलेली एक मुलगी होती. तिने मशीनला हातही लावला नाही. एका मणक्याच्या कडेला अंगठा टेकवून म्हणाली, “काका, मान तुम्ही वळवायची, मी फक्त मणका धरून ठेवते. दुखलं तर लगेच सांगा, दुखता कामा नये.” न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची ही पद्धत. दुखणे न होता मान वळली, आणि वळवणारा मीच होतो. मग तिने टर्किश टॉवेल मागवला, त्याची जाड किनार नेमक्या त्या मणक्यावर बसवली, दोन्ही टोके माझ्या हातांत दिली आणि तोच प्रकार मला एकट्याने करायला लावला. हनुवटी मागे सरकवण्याचा व्यायाम आणि रबरी पट्ट्याने खांदे मागे खेचणे, हेही तिनेच शिकवले. त्या दिवशी हात एकतीस मिनिटे होता, मिनिटाला सोळा रुपये.

गेले पाच महिने रोज सकाळी टॉवेल आणि पट्टा, मिळून बारा मिनिटे. दुखणे गेलेले नाही. वर्षअखेरीच्या हिशेबांच्या दिवसांत ते परत येते. पण मान वळते, आणि तीन हात नाक्यावर मला आता रिक्षा दिसते.

ती मुलगी महिन्याभरातच दुसरीकडे गेली. सातव्या सिटिंगला पुन्हा गाद्या आणि जेल आले, म्हणून पुढची तीन मी पुढे ढकलली. परवा काउंटरवर शेवटचा प्रस्ताव ठेवला, की मशीन अजिबात नको, उरलेल्या सिटिंगांत केवळ हात द्या, हवे तर तिनाऐवजी दोनच द्या. उत्तर मिळाले, “काका, पॅकेज मशीनचं आहे, हात त्यात फ्री असतो.”