मे महिना कोण काढेल? छोट्या टाकीसाठी शेवाळ खाणारे जीव

माशांच्या दुकानात काचेला चिकटलेला काळपट मासा दाखवून सांगतात, ‘हा सकर न्या, टाकी आपोआप साफ राहील.’ दीड-दोन फुटी टाकीसाठी याहून वाईट खरेदी नाही. आज तो बोटाएवढा दिसतो, पण दक्षिण अमेरिकेतला हा मासा वाढून 40 सेंटिमीटरच्या पुढे जातो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी काठोकाठ भरली तरी पाणी मावतं 57 लिटर. शिवाय मोठा झाला की शेवाळाकडे त्याचं लक्ष कमी आणि घाण मात्र भरपूर. सोनेरी ‘चायनीज अल्गी ईटर’चंही तेच: लहानपणी गुणी, मोठेपणी इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांची कातडी खरवडणारा. सयामी अल्गी ईटर खरंच कामाचा आहे, शेवाळाचे काळे केसाळ पुंजके खाणाऱ्या मोजक्या माशांपैकी एक. पण 15 सेंटिमीटर वाढणारा, सतत पळणारा मासा दोन फुटांत कोंडायचा नसतो.

उरले नेराइट गोगलगाय, चेरी आणि अमानो झिंगे, आणि ऑटोसिंक्लस, ब्रिसलनोज, आपली मॉली हे मासे. कोण किती शेवाळ खातो यावरून यांच्यात निवड करण्याची पद्धत आहे. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे मात्र आधी विचारावं की बोअरच्या पाण्यात आणि मेच्या उन्हाळ्यात यातलं कोण टिकेल.

पाण्याचं आधी बघू. बादलीला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर बसतो, तसं क्षाराचं पाणी बहुतेकांच्या घरी आहे. नेराइटला ते मानवतं, कारण कवच बांधायला कॅल्शियम लागतं. मऊ म्हणजे कमी क्षाराच्या किंवा आम्लधर्मी पाण्यात तिचं कवच झिजतं. मॉलीलाही जड, म्हणजे क्षाराचं पाणीच आवडतं. चेरी झिंगे चालवून घेतात. ऑटोसिंक्लसचं उलट आहे. हा चार सेंटिमीटरचा मासा मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला, थव्याने राहणारा आणि बहुधा नदीतून पकडून आणलेला. दुकानात पोचेपर्यंतच त्याची उपासमार झालेली असते. नव्या, चकचकीत टाकीत सोडला तर खायला काही नसतं आणि तो मुकाट्याने मरतो. दिसायला गोड आहे, काच सुरेख चाटतो, तरी खानदेशात पहिल्या टाकीसाठी मी तो सुचवणार नाही.

आता उन्हाळा. बाहेर 44-45 अंश असताना बंद खोलीतल्या टाकीचं पाणी 32 च्या वर सहज जातं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांना सुमारे 7. त्याच वेळी जिवांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. त्यात दुपारी वीज गेली की हवेचा पंप बंद. झिंगे इथेच मार खातात. चेरी झिंगा दोन-तीन सेंटिमीटरचा, गोड्या पाण्यातच पिल्लं देणारा, हिवाळ्यात मजेत. 30 च्या वर त्याचे हाल सुरू होतात. अमानो मोठा, पाचेक सेंटिमीटरचा, आणि धाग्यासारख्या शेवाळावर झिंग्यांमध्ये सर्वांत तरबेज. पण तो मूळचा जपान-तैवानकडचा, उन्हाचा त्याला आणखीच त्रास. त्याची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, म्हणून मेलेल्यांच्या जागी दरवेळी नवे विकत आणावे लागतात. खोलीत दिवसभर कूलर किंवा एसी चालत असेल तरच झिंग्यांचा विचार करा.

गारवा आणायचा सोपा मार्ग म्हणजे झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडणे. एप्रिल-मेत आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. पावसाळी दमटपणात हाच पंखा निम्मंही काम करत नाही. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, नाहीतर क्षार साठत जातात. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणा, कारण नेराइटला बाहेर फिरायला जायची खोड आहे.

एवढं सांभाळलं तर नेराइट माझ्या मते पहिली निवड. दोन-अडीच सेंटिमीटरची, काचेवरचे कडक हिरवे ठिपकेही खरवडते, चांगल्या रोपांना हात लावत नाही आणि गोड्या पाण्यात तिची पैदास होत नाही. अंडी मात्र घालते. काचेवर, लाकडावर तिळासारखे पांढरे दाणे चिकटतात आणि ब्लेडशिवाय निघत नाहीत. ज्यांना टाकी आरशासारखी हवी, त्यांना हा प्रकार वैताग आणतो. उलटी पडली तर कित्येकदा तिला सरळ होता येत नाही, येताजाता बघावं. दीड फुटी टाकीला दोन पुरेत.

मॉलीला कोणी शेवाळखाऊ म्हणून आणत नाही, पण काळी मॉली दिवसभर पानांवरचं मऊ शेवाळ टोचत असते. स्वस्त, जड पाण्यात खूश, उन्हाळ्यात झिंग्यांपेक्षा कितीतरी दणकट. तिला जड जातो तो आपला हिवाळा. धुळ्याकडे रात्रीचा पारा 10 च्या खाली उतरतो तेव्हा हीटर हवाच. आणि पिल्लं इतकी होतात की ती द्यायची कोणाला हे आधीच ठरवावं.

ब्रिसलनोज म्हणजे सकरचाच छोटा भाऊबंद, 12-13 सेंटिमीटरवर थांबणारा. दोन फुटी टाकीत एकच, तेही लाकडाचा ओंडका, लपायला जागा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असेल तर. केवळ शेवाळावर त्याचं भागत नाही. रात्री काकडी किंवा वाफवलेलं गिलकं टाकावं, सकाळी उरलेलं काढावं. भाजी नीट धुवा आणि शक्यतो साल काढा. टाकीत झिंगे असतील तर फवारणीच्या औषधाचा अंशही त्यांना मारायला पुरतो. टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे मारणं मासे आणि झिंगे दोघांनाही घातक, आणि तांबं असलेलं माशांचं औषध गोगलगायी व झिंगे दोघांनाही संपवतं.

काही शेवाळावर यातल्या कोणाचाच इलाज चालत नाही. नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा आपोआप ओसरतो, नेराइट असली तर लवकर. पाणीच हिरवं झालं असेल, तर दिवा सहा-सात तासांवर आणा आणि टाकी खिडकीपासून हलवा. निळसर-हिरवा, वास मारणारा, चादरीसारखा निघणारा थर हे खरं शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. त्याला कोणी तोंड लावत नाही, तो नळीने ओढूनच काढावा लागतो.

खरेदी दिवाळीनंतर करा. एप्रिलमध्ये एसटीत पिशवीतून आणलेला जीव घरी पोचेपर्यंतच अर्धा होतो. घरात आधीच वाढलेला सकर असेल तर मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या किंवा दुकानदाराला परत करा. तापीत, गिरणेत किंवा गावतळ्यात मात्र सोडू नका; भारतात अनेक ठिकाणी तो असाच पसरलाय आणि स्थानिक माशांच्या वाट्याचं खाऊन बसलाय.